मालूवन्संच्या फोटोला बिघडणारं मशीन

आमच्या कांचनला एक खोड आहे. ती नाही म्हणत नाही. पाणी भर म्हटलं, होय आई. शटर लवकर उघड म्हटलं, होय आई. आणि मग करायचं ते स्वतःच्या मनानं करते. भांडणारी सून परवडली, तिचं काय ते अंगणात येऊन पडतं. ही होय म्हणणारी सून म्हणजे झाकलेलं दूध. आत नासलंय की उतू जातंय, झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही.

"होतंय, आई," त्या दिवशीही ती म्हणाली, आणि तिच्या पुढ्यातला कंप्युटरचा पडदा काळा झाला.

"काय होतंय? काळं होतंय."

"येईल परत."

परत आला, पण नीट नाही. फोटोतल्या मालूवन्संच्या गालावर हिरवे चौकोन उमटले होते, जशी काय कुणी चेहऱ्यावर फरशी बसवली. मग तेही गेलं. इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि सगळं बंद.

गोष्ट जुनी आहे. आमचा फोटो स्टुडिओ तेव्हा गडहिंग्लजला कडगाव रोडला होता. माझ्या मालकांनी तो उभा केला, त्यांच्या मागं आमचा मुलगा शशी, म्हणजे कांचनचा नवरा, चालवायचा. शशी लग्नसराईत कॅमेरा घेऊन गावोगाव, आणि दुकानात मी आणि कांचन. गल्ल्यावर मी, कंप्युटरवर ती. मी तिसरी शिकले, पण फोटोतलं मला कळत नाही असं कुणी म्हणू नये. डार्करूमच्या काळात धुतलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरायचं काम माझं होतं. नवरदेवाच्या नाकावरची माशी मी अशी घालवायचे की त्याच्या आईलाही कळायचं नाही.

मालूवन्सं म्हणजे माझी नणंद. ऐन विशीत नवरा गेला आणि माहेरी आल्या. मधल्या भावाकडे, म्हणजे आमच्या वसंतभावजींकडे, जन्म काढला. त्यांची धुणी, त्यांची पोरं, त्यांच्या गाईम्हशी. त्या दिवाळीनंतर अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. उत्तरकार्याला फोटो हवा म्हणून भावजींनी त्यांच्या ट्रंकेत शोधलं, तर सगळ्या जन्मात मिळून एक फोटो निघाला. तरुणपणीचा, काठाचं लुगडं, कपाळाला हे एवढं कुंकू. आमच्याच मालकांनी काढलेला, मागं शिक्का होता.

भावजींनी तो गल्ल्यावर ठेवला होता आणि सांगितलं होतं, "वहिनी, याचा मोठा करा. कुंकू तेवढं काढा. केस पिकवा थोडे."

यात नवल काही नव्हतं. बाईमाणसाच्या मागं फोटो करायचा तर दुकानात पहिला प्रश्न हाच असतो, सवाष्ण गेली की कशी. सवाष्ण गेली तर कुंकू ठळक करायचं, नसेल तर पुसायचं. कांचननं अशी किती कपाळं पुसली असतील. बारीक काम आहे, नुसतं खरडून चालत नाही, शेजारची कातडी उचलून तिथं बसवावी लागते. ती ते चहा निवायच्या आत करायची.

आणि हाच फोटो होत नव्हता.

तिनं निपाणीच्या मकानदारला फोन लावला. आमचं मशीन त्यानंच जोडून दिलेलं. मी म्हटलं, फोन मोठ्यानं लाव, मलाही ऐकू दे.

"वहिनी, मशीननं आपल्या मनानं अपडेट घेतलंय," तो म्हणाला. "चित्र दाखवायचं कार्ड असतं ना, ते चालवायला एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. नवा ड्रायव्हर जुन्याच्या उरावर बसलाय. तुमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला हा नवा मानवत नाही."

"म्हणजे दोघं भांडतायत," मी म्हटलं.

"आक्का, अगदी तसंच."

"मग एकाला घराबाहेर काढ."

"तेच करायचंय."

मग त्यानं तिला एकेक पायरी सांगितली. आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन कार्डाची मदत घेऊ नको म्हणून खूण काढायची. तेवढ्यानं पडदा काळा व्हायचा थांबला, पण कुंचला असा जड चालायला लागला, जसा काकवीतनं. मग नवा ड्रायव्हर मुळासकट काढला, मशीन बंद करून चालू केलं, मकानदारनं पाठवलेला जुना बसवला, आणि परत आपोआप अपडेट येऊ नये म्हणून कुलूप घातलं. दुपार त्यात गेली. शेवटी तो म्हणाला, "आणि मधेच कधी पडदा अडकला, तर या चार कळा एकदम दाबायच्या. पडदा काळा होतो, टुक्‌ असा आवाज येतो, आणि ड्रायव्हर झोपेतनं उठल्यासारखा परत चालू होतो. काम जात नाही."

"होय दादा," कांचन म्हणाली.

त्यानंतर मशीन सुतासारखं सरळ. तिनं नेसरीच्या लग्नाचा आल्बम केला, एका मास्तरांचे पासपोर्ट फोटो केले, बारशाचा बॅनर केला. मी गल्ल्यावरनं बघत होते. मग म्हटलं, आता वन्संचं घे.

"होय आई."

टुक्‌. काळा.

"अजून बिघडलेलंच आहे वाटतं," ती म्हणाली.

आता मला ड्रायव्हरमधलं काही कळत नाही. पण भांडण मला कळतं. भांडखोर माणूस सगळ्यांशी भांडतो. नवरीशी नाही, मास्तराशी नाही, बारशाच्या पोराशी नाही, आणि एका मेलेल्या बाईशी तेवढं भांडतो, हे कुठलं भांडण? मी खुर्ची गल्ल्यामागनं काढून तिच्या बाजूला आणली आणि शेंगा सोलत बसले.

कार्याच्या आदल्या दिवशी भावजी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे बसायच्या बेतानं आलेले.

"झाला?"

"मशीन आजारी आहे," मी म्हटलं.

"अजून? वहिनी, उद्या बेळगावची सोयरी मंडळी येणार कार्याला. आमच्या प्राजूचं लग्न त्यांच्याकडे अजून पक्कं व्हायचंय. चांगलं घर आहे पण रीतीभातीला फार कडक आहेत. फोटो नसला तर म्हणतील, जन्मभर राबलेल्या बहिणीचा एक फोटो लावला नाही. आणि तसाच लावला तर म्हणतील, विधवेच्या कपाळाला कुंकू, ह्या घराला ताळतंत्र आहे का नाही?"

"तसाच लावा म्हणून कुणी सांगितलं?"

"म्हणून तर घाई करा म्हणतोय. पोरी, माझ्यासमोर कर बघू."

"होय काका," कांचन म्हणाली.

तिनं फोटो उघडला. वन्सं पडद्यावर आल्या, मोठ्या. मी शेंगा खाली ठेवल्या आणि पडद्याकडे बघितलंच नाही. मी तिच्या हातांकडे बघितलं. उजवा हात माऊसवर होता. भावजी पुढं वाकले, आणि तिचा डावा हात कोपऱ्यातल्या कळांवर पसरला, तीन बोटं तीन कळांवर, हार्मोनियमवर पसरतात तशी. उजवा माऊस सोडून आला आणि त्याचं एक बोट खालच्या ओळीत मधोमध पडलं.

टुक्‌.

पडदा परत उजळला तोवर तिनं फोटो बंद केलेला होता.

"बघा ना काका. हा फोटो घेतला की असंच करतंय."

"मग द्या तो माझ्याकडे," भावजी उठले. "स्टँडवरच्या स्टुडिओतला पोरगा पाच मिनिटांत करून देतो म्हणाला. घरचं दुकान म्हणून इथं आलो तर ही तऱ्हा. दादा असता तर—"

"दादा असते तर तुम्ही टोपी काढून बसला नसता," मी म्हटलं. "दिवेलागणीच्या आधी या. फोटो तयार असेल, फ्रेम करून. नसला तर स्टँडवर जा आणि आमच्या पाटीवर शेण मारून जा."

ते गेले. मी दाराचं काचेचं कवाड लावलं.

"हात पुढं कर," मी कांचनला म्हटलं.

"आई?"

"त्या चार कळा दाब. मघाशी दाबल्यास तशा."

ती बसून राहिली. मशीनच्या खोक्यावर दसऱ्याला तिनंच लावलेलं कुंकू होतं, वाळून काळपट झालेलं, आणि तारेला अडकवलेलं झेंडूचं फूल. मी विधवा झाल्यापासून शस्त्रपूजा तीच करते. तिची नजर त्या कुंकवावर होती, माझ्यावर नाही.

"मशीन कधीच नीट झालंय," मी म्हटलं. "आजार रेड्याला आणि औषध पखालीला. तो मकानदार बिचारा आपली विद्या शिकवतो, आणि तू त्या विद्येनं मला बनवतेस? गल्ल्यावर बसवलेली म्हातारी, तिला काय कळतंय?"

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

ती म्हणाली, "आत्या दुपारच्या इथं यायच्या बसायला. तुम्ही घरी जेवायला जायचात तेव्हा."

हे मला ठाऊक नव्हतं. मालूवन्सं आणि मी एका खोलीत असलो की भांडं फुटल्याशिवाय राहायचं नाही. लोणच्यावरनं आमचं जे वाजलं होतं ते गल्लीला पाठ होतं.

"काय करायच्या येऊन?"

"काही नाही. मी काम करताना बघायच्या. मी कुणाचं कुंकू काढत असले की उठून जायच्या. एकदा पिशवीतनं हा फोटो काढून दाखवला. म्हणाल्या, माझ्या मागं हाच लावा, असाच. मी विचारलं, लग्नातला का? तर हसल्या. म्हणाल्या, कधीचा आहे ते तुझ्या सासूला ठाऊक आहे. पण विचारू नकोस तिला. ती मेली तरी कबूल करायची नाही."

शेवटपर्यंत जीभ तशीच. मी पदरानं तोंड पुसलं. घाम आला होता.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काकांना होय म्हटलं होतं. तुमच्या शब्दाबाहेर कशी जाऊ?"

"म्हणून मशीनला पाठवलंस बाहेर."

तिनं माऊस परत हातात घेतला.

"छाप," मी म्हटलं.

"कसा, आई?"

"आहे तसा. केस पिकवू नकोस. धूळ आणि ओरखडे काढ, कपाळाला हात लावलास तर बघ."

फोटो छापून आला तेव्हा मी तो खिडकीपाशी नेऊन बघितला. उजव्या भुवईच्या वर एक बारका पांढरा ठिपका राहिला होता. मी तिला दाखवला, तिनं काढला, परत छापला. फ्रेम मी निवडली, सागवानी.

भावजी सांगितल्या वेळेला आले. फ्रेम हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

"कुंकू राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"मशीन परत—"

"मशीन ठणठणीत आहे. मी नको म्हटलं."

त्यांनी कांचनकडे बघितलं. ती उभी राहिली, बहुतेक दोष आपल्या अंगावर घ्यायला. मी तिला हातानं बसवलं.

"वहिनी, हा लग्नातला फोटो आहे. तेव्हा नवरा जिवंत होता. तेव्हाचं कुंकू आता कसं चालेल?"

"लग्नातला नाही तो."

"मग?"

"लग्नातले फोटो वन्संच्या सासरच्यांनी चुलीत घातले, पांढऱ्या पायाची म्हणून. तुम्ही तेव्हा लहान होता. त्या इकडं आल्यावर एकदा दुपारच्या दुकानात आल्या. मला म्हणाल्या, वहिनी, माझा एकसुद्धा फोटो नाही. उद्या मी मेले तर मी होते हे कुणाला कळायचं नाही. तुमच्या दादांनी बसवलं स्टुलावर. शेजारी गिऱ्हाइकांसाठी आरसा होता, कंगवा, पावडर, कुंकवाची डबी. वन्सं आरशात बघत होत्या. त्यांचा हात डबीकडे गेला आणि मागं आला. परत गेला, परत आला."

भावजी फ्रेम धरून उभे होते.

"मी डबी उघडली आणि लावलं. ह्या बोटानं. त्या म्हणाल्या, वहिनी, चोरी होईल. मी म्हटलं, चोरी असली तर माझी, तुम्ही समोर बघा. तुमच्या दादांनी एक अक्षर न बोलता बटण दाबलं. फोटो झाल्यावर मीच पदरानं पुसलं, आणि त्या मागच्या दारानं घरी गेल्या. तुमच्या आईला भाकऱ्या थापून दिल्या त्या दिवशी."

"आणि इतकी वर्षं—"

"इतकी वर्षं आम्ही लोणच्यावरनं भांडलो. ह्यावर कधी बोललो नाही."

त्यांनी फ्रेम गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही केलंत ते केलंत. पण ते माझ्या मांडवात कशाला? माझ्या पोरीचं काय चुकलं त्यात?"

"काही चुकलं नाही तिचं. पण भावजी, आमच्या खोक्याला दसऱ्याला कुंकू लागतं. तुमच्या ट्रॅक्टरला लागतं, कोयत्याला लागतं. त्या बाईनं तुमच्या घरात त्या कोयत्यापेक्षा जास्त गवत कापलं."

"बोलायला तुम्हाला कोण हरवणार?" ते म्हणाले. स्टँडवर जायला वेळ उरला नव्हता. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि पैशाचं विचारलं. मी नको म्हटलं. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, कांचनला दुकानात ठेवून. मांडवात पाटावर पांढरं कापड, त्यावर वन्सं. समई, उदबत्त्या. आणि हार घातलेला, भरघोस, पांढऱ्या शेवंतीचा. दोन्ही बाजूंनी फ्रेमला दोऱ्यानं बांधून हार असा वर ओढला होता की फुलांचा मधला झोल बरोबर कपाळावर यावा. डोळे दिसत होते, हनुवटी दिसत होती. कपाळ नव्हतं.

बेळगावची मंडळी पुढच्या सतरंजीवर बसली होती. भावजी त्यांच्याशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोलणं थांबलं.

मी फुलं वाहायला पुढं गेले. फुलं वाहिली, हात जोडले. मग एका बाजूचा दोरा सोडला, दुसऱ्या बाजूचा सोडला. हार आपल्या वजनानं खाली आला आणि फ्रेमच्या कडेला टेकला.

बेळगावच्या व्याह्यांनी घसा साफ केला. आमच्या जाऊबाई आतनं पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. एवढा मोठा मांडव, पण समईची वात चरचरलेली ऐकू आली. वन्सं सगळ्यांकडे बघत होत्या, स्टुलावरनं बघत होत्या तशा, आता बटण दाबणार म्हणून श्वास धरून.

मला शेवटच्या पंगतीला बसवलं. भावजी वाढायला आले नाहीत. निघताना दारात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जेवलात ना? बरं झालं. आता आमच्याकडून बोलावणं येईल तेव्हाच या, वहिनी."

प्राजूचं लग्न त्याच घरी झालं. पण पत्रिका आमच्या दुकानात आली नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नाचे फोटो स्टँडवरच्या स्टुडिओनं काढले, आणि तो आल्बम मी आजवर बघितलेला नाही. वन्संचा फोटो त्यांच्या माजघरात आहे म्हणतात. हार घालून आहे की कसा, विचारायला मी गेले नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी मी मांडवातनं थेट दुकानात आले. कांचन कंप्युटरसमोर बसली होती, पडदा चालू, हात मोकळे. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं.

"काका रागावले?"

"रागावले."

"फार?"

"पाणी पिऊ दे."

मी पाणी प्यायले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"आई, मी जाऊन सांगते त्यांना. तुम्ही रागानं बोललात, आणि खरं म्हणजे मशीनच बिघडलं होतं. मकानदारदादाला फोन लावून देते, तो सांगेल ड्रायव्हरचं. काकांना पटेल. तुमचं तुटायला नको."

मी तांब्या खाली ठेवला.

"इकडं ये," मी म्हटलं. "बस. माझ्याकडे बघ, खोक्याकडे नको. वन्संचा फोटो ठेवलास ते बरोबर केलंस. ते मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण त्यासाठी मशीनला आजारी पाडलंस ते वाईट केलंस. वन्सं जन्मभर सगळ्याला होय म्हणाल्या, भाकरी थापायला होय, शेण काढायला होय, आणि एक कुंकू लावायला त्यांना दुसऱ्याचा हात लागला. तू त्यांच्यासारखी होऊ नकोस. नाही म्हणायचं असलं की माझ्यासमोर उभी राहा, आणि तुझ्या तोंडानं नाही म्हण. मी ऐकेनच असं नाही. पण म्हण."